दृष्टांत, रूपक आणि दार्ष्टांतिक : साम्य कोठवर घ्यावे?

उपमा, रूपक, उत्प्रेक्षा, दृष्टांत, अन्योक्ती हे शब्द आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेतच मराठीच्या व्याकरणात पाठ केलेले असतात. परीक्षा झाली की ते विसरले जातात. पुढे शास्त्राभ्यासास प्रारंभ झाला म्हणजे साधकाची अशी समजूत होते की, अलंकार ही काव्याची शोभा आहे, शास्त्राला तिचे प्रयोजन नाही. ही समजूत घातक आहे. ज्याला उपमा व रूपक यांतील भेद कळत नाही त्याला जीव व परमेश्वर यांतील भेद शब्दांत नीट मांडता येणार नाही, असे विधान केल्यास ते प्रथम अतिरेकी वाटेल. पण या पाठाचा विषय तोच आहे.

अलंकारांची संख्या आरंभी फार नव्हती. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक व यमक असे चारच अलंकार येतात. पुढे सोळाव्या शतकात अप्पय्य दीक्षितांच्या कुवलयानंदात त्यांची संख्या शंभरावर गेली. इतक्या नावांचा आपल्याला उपयोग नाही. साम्यावर उभे असलेले चार-पाच अलंकार तेवढे पक्के समजले पाहिजेत, आणि ते समजण्यासाठी निरनिराळी उदाहरणे घेण्यापेक्षा एकच वस्तू घेऊन ती पालटत नेणे बरे.

येथे गडहिंग्लजला हिरण्यकेशी वाहते. ‘हिरण्यकेशी आईसारखी या मुलुखाला पोसते’ असे म्हटले की ती उपमा झाली. हिरण्यकेशी हे उपमेय, आई हे उपमान, पोसणे हा दोहोंत असलेला साधारण धर्म, आणि ‘सारखी’ हा वाचक शब्द. येथे नदी नदीच राहिली आहे व आई आईच. दोघींत एका बाबतीत साम्य आहे एवढेच वाक्य सांगते. आता ‘हिरण्यकेशी ही या मुलुखाची आईच आहे’ असे म्हणा. ‘सारखी’ गेले, आणि त्याच्याबरोबर दोहोंमधले अंतरही गेले. नदीवर आईपणाचा आरोप झाला. हे रूपक होय. ‘आषाढात हिरण्यकेशी जणू लेकरांना भेटावयास काठ ओलांडून निघते’ ही उत्प्रेक्षा. येथे ‘जणू’ या शब्दाने वक्ता स्वतःच कबूल करतो की, ही आपली कल्पना आहे. शेवटी कोणी पुराच्या दिवशी नदीचे नावही न घेता ‘आज आई दारापर्यंत आली’ असे म्हटले, तर ती अतिशयोक्ती. उपमेय उपमानाने गिळून टाकले. ते वाक्य ज्याने पूर पाहिला नाही त्याला खरोखरच कोणाची तरी आई आली असे वाटेल.

उपमेपासून अतिशयोक्तीपर्यंतचा हा प्रवास म्हणजे भेद क्रमाक्रमाने पुसला जाण्याचा प्रवास आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. काव्यात तो गुण आहे. कवीला भेद पुसावयाचाच असतो, कारण त्यावाचून रस साधत नाही. आपल्या पंथाच्या साती ग्रंथांत या सर्व अलंकारांची समृद्धी आहे. नरेंद्रांचे रुक्मिणीस्वयंवर किंवा भास्करभट्ट बोरीकरांचे शिशुपालवध हे मराठी काव्याचे मोठे धन होय. पण परंपरेत जी हकीकत सांगितली जाते ती विसरू नये. शिशुपालवध ऐकून गुरुबंधूने काव्याचे कौतुक केले, मात्र हा ग्रंथ प्रवृत्तांस योग्य, निवृत्तांस नव्हे, असा अभिप्राय दिला. त्यावर भास्करभट्टांनी एकादशस्कंधावरील टीका, म्हणजेच आपण जिला उद्धवगीता म्हणतो ती रचली. काव्यगुण उणा होता म्हणून हा आक्षेप आला नाही, उलट तो ओसंडत होता म्हणून आला. महदाइसेच्या धवळ्यांवर असा आक्षेप कोणी घेतल्याचे ऐकिवात नाही. लग्नात गावयाची ती गीते, घरातल्या बोलीत चाललेली आणि नटण्यामुरडण्यापासून दूर राहिलेली.

काव्याचा हा प्रांत येथेच सोडून शास्त्राकडे वळू. शास्त्रात साम्याचे काम निराळे आहे.

‘दृष्टांत’ या एका शब्दाला तीन ठिकाणी तीन अर्थ आहेत आणि सारा घोळ त्यातून होतो. पहिला अर्थ अलंकारशास्त्रातला. दोन स्वतंत्र वाक्ये शेजारी ठेवावयाची, मध्ये ‘जसे-तसे’ घालावयाचे नाही, आणि एकाचे दुसऱ्यात प्रतिबिंब दिसावयाचे. मम्मटाने काव्यप्रकाशात व त्यानंतरच्या आलंकारिकांनी यालाच बिंबप्रतिबिंबभाव म्हटले आहे. ‘गुळव्याची नजर काहिलीवरून हलली की पाक करपतो. साधकाचे अवधान वचनावरून सुटले की आचार ढळतो.’ हा दृष्टांत अलंकार. ऊस पिकविणाऱ्या या भागात असे बोलणे कोणालाही समजते. परंतु त्याने काही सिद्ध होत नाही. ते मनावर ठसते एवढेच.

दुसरा अर्थ न्यायशास्त्रातला. गौतमाच्या न्यायसूत्रांत दृष्टांत हा सोळा पदार्थांपैकी एक आहे, आणि त्याचे लक्षण फार मार्मिक आहे. ज्या गोष्टीविषयी सामान्य लौकिक मनुष्य व परीक्षा करणारा पंडित या दोघांची बुद्धी एकसारखी असते ती गोष्ट म्हणजे दृष्टांत. स्वयंपाकघरात धूर असतो तेव्हा चुलीत विस्तव असतो, याबद्दल घरची म्हातारी आणि नैयायिक यांच्यात वाद नसतो. म्हणून तेथून पुढे डोंगरावरच्या धुराकडे जाता येते. दृष्टांत हे वादाच्या अलीकडचे, दोघांनाही मान्य असलेले ठिकाण आहे. जेथे श्रोत्याचेच एकमत नाही ती गोष्ट दृष्टांत म्हणून सांगण्यात अर्थ नाही. ज्याने समुद्र पाहिलेला नाही त्याला समुद्राचा दृष्टांत देऊन वक्ता एकाच्या जागी दोन अज्ञात वस्तू त्याच्यापुढे मांडतो.

तिसरा अर्थ आपल्या शास्त्रातला. केशिराजबासांनी सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींची वचने वेचून जो दृष्टांतपाठ सिद्ध केला त्यात ११४ दृष्टांत आहेत, आणि प्रत्येकाची मांडणी तीन अंगांची आहे : प्रथम सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक. सूत्र व दृष्टांत स्वामींचे, आणि दार्ष्टांतिक केशिराजबासांचे, असे परंपरा व अभ्यासक दोघेही मानतात. सूत्रात सिद्धांत. दृष्टांतात लोकव्यवहारातली एखादी घटना : कोणी आंधळा, कोणी भिकारी, कोणी सेवक. आणि दार्ष्टांतिकात, त्या घटनेतील कोणता अंश सूत्राच्या कोणत्या अंशाशी जुळवावयाचा त्याचा निर्देश. न्यायशास्त्रातील पाच अवयवांशी याची तुलना केली तर सूत्र हे प्रतिज्ञेच्या, दृष्टांत हा उदाहरणाच्या आणि दार्ष्टांतिक हे उपनयाच्या जागी बसते. तथापि हे साम्यही सर्वांशी नव्हे, कारण हेतू हा अवयव येथे स्वतंत्रपणे मांडलेला नसतो. दृष्टांतपाठ हा अनुमानाचा ग्रंथ नाही. सिद्धांत तेथे वचनानेच स्थापित असतो आणि दृष्टांत तो बुद्धीत उतरवितो.

केशिराजबासांचे हे काम किती मोठे आहे याची जाणीव आपल्यातही थोडी आहे. ते संस्कृतज्ञ होते. त्यांचे रत्नमालास्तोत्र संस्कृतात आहे. ग्रंथरचना संस्कृतात करावी असे त्यांच्या मनात आले तेव्हा आचार्य श्रीनागदेवांनी, तसे केल्यास आपल्या म्हाताऱ्या बायका वंचित होतील, म्हणून त्यांना वारले, ही स्मृतिस्थळातील हकीकत सर्वांना ठाऊक आहे. तिच्याकडे आपण भाषाभिमानाच्या दृष्टीने पाहतो. मला तीत न्यायसूत्रांतले लक्षण दिसते. लौकिक आणि परीक्षक यांची बुद्धी जेथे एक होते तेथे शास्त्र आणून ठेवावयाचे, तर म्हातारीला वगळून कसे चालेल?

आता दार्ष्टांतिकावाचून काय होते ते पाहावयाचे तर हत्तीचा दृष्टांत घ्यावा. तो दृष्टांतपाठात आहे, आणि जगातही पुष्कळ ठिकाणी आहे. जन्मांध माणसे हत्ती चाचपतात. एकाच्या हाती पाय येतो, त्याला तो खांबासारखा वाटतो, दुसऱ्याला कान सापडतो, तो त्याला सूप म्हणतो, इत्यादी. पाली भाषेतील उदान या बौद्ध ग्रंथात श्रावस्तीचा राजा जन्मांधांना जमवून हत्ती दाखवितो, ते आपसात मुठींनी मारामारीवर येतात आणि राजाची करमणूक होते. तेथे ही कथा मतामतांत भांडणाऱ्या श्रमण-ब्राह्मणांना लावली आहे. जैन आचार्यांनी तीच अनेकांताला लावली : प्रत्येकाचे म्हणणे एका अपेक्षेने खरे. तेराव्या शतकात, म्हणजे स्वामींच्याच काळाच्या आसपास, जलालुद्दीन रूमीने मसनवीत ती फारसीत सांगितली. पण तेथे माणसे आंधळी नाहीत, घर अंधारे आहे, आणि प्रत्येकाच्या हाती दिवा असता तर मतभेद उरला नसता, असा रोख आहे. एकोणिसाव्या शतकात सॅक्स या अमेरिकन कवीने तिचे इंग्रजी विनोदी पद्य केले आणि धर्मविषयक वाद घालणाऱ्यांची टर उडविली.

कथा एक आणि अर्थ चार. आपल्या दृष्टांतात आणखी पाचवा अर्थ आहे. आंधळ्यांचे ज्ञान खोटे नाही, तोकडे आहे, आणि संपूर्ण हत्ती डोळसालाच दिसतो. एकेक शास्त्र एकेक अंश धरून त्यालाच संपूर्ण मानते, पूर्ण वस्तू ज्ञात्यालाच कळते, हा येथला विवक्षित भाग. कथेतून ‘डोळस’ काढून टाका, की उरते ती जैनांची कथा. डोळस ठेवून दार्ष्टांतिक काढून टाका, की ‘सर्व धर्म सारखेच’ हे आजच्या व्याख्यानांतले तात्पर्य तिच्यातून निघते, जे सूत्राच्या अगदी विरुद्ध आहे. मी स्वतः ते तात्पर्य आपल्याच पंथीयांच्या तोंडून अनेकदा ऐकले आहे. शालेय पुस्तकांत जुन्या मराठी गद्याचा नमुना म्हणून दृष्टांत घेतले जातात. ऋद्धिपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे, तेव्हा दृष्टांतपाठाचे वाचन पंथाबाहेर वाढणार यात संशय नाही, आणि त्याचा आनंदच आहे. परंतु सूत्र व दार्ष्टांतिक कापून मधली गोष्ट तेवढी वाचली गेली तर ती इसापनीतीतली एक बोधकथा होईल. तीन अंगांच्या रचनेला बोधकथा म्हणता येत नाही. बोधकथेचा बोध कथेच्या पोटातून निघतो, येथे सिद्धांत कथेच्या आधीच उभा असतो.

साम्य कोठवर घ्यावे याचा नियम शास्त्रकारांनी घालून दिला आहे. यासाठी एका अशा आचार्यांचा दाखला देतो की ज्यांचा सिद्धांत आपल्याला मान्य नाही. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात, सूर्याचे पाण्यातले प्रतिबिंब हा दृष्टांत विवरताना, स्पष्ट म्हटले आहे की, जो अंश सांगावयाचा आहे तेवढा सोडला तर दृष्टांत व दार्ष्टांतिक यांत सर्व बाजूंनी सारखेपणा कोणालाही दाखविता येणार नाही. आणि सर्व सारखेपणा असेलच तर दृष्टांत-दार्ष्टांतिक हे नातेच संपेल. म्हणजे नियम उभयपक्षी मान्य आहे. त्या सांगावयाच्या अंशाला विवक्षित अंश म्हणतात. दार्ष्टांतिक त्याच्याभोवती कुंपण घालते.

कुंपण नसले म्हणजे काय घडते याची एक गोष्ट या भागातलीच आहे. गुऱ्हाळाच्या दिवसांत एका प्रवचनात वक्त्यांनी सांगितले की, ऊस म्हणजे जीव, चरक म्हणजे संसार, रस म्हणजे भक्ती, काहील म्हणजे तप, वर येणारी मळी म्हणजे पाप, गुळव्या म्हणजे गुरू आणि गूळ म्हणजे मोक्ष. श्रोते प्रसन्न झाले. एक वयस्क वासनिक मात्र हात जोडून म्हणाले, “बाबा, समदं झालं, पर चिपाड कुनाचं? चुलवाणात तर आमी तेच जाळतो.” वक्त्यांपाशी उत्तर नव्हते.

उत्तर असणे शक्यच नव्हते. त्यांनी दृष्टांत सांगितलाच नव्हता, सांगरूपक सांगितले होते. सांगरूपकात प्रत्येक अंगावर आरोप करावा लागतो, आणि एकदा तसा आरोप सुरू केला की एखादे अंग वगळण्याचा अधिकार वक्त्याला उरत नाही. श्रोता चिपाडाचा हिशेब मागणारच. आणि चिपाडाचा हिशेब करू लागलो तर ऊस, म्हणजे जीव, चिरडून नाहीसा झाला, त्याचा सांगाडा त्याच्याच रसाखाली जळाला, आणि जो गूळ उरला तो खाणारा तिसराच कोणी निघाला. हा कोणत्या शास्त्रातला मोक्ष? आपल्या शास्त्रात जीव नाहीसा होत नाही. तो परमेश्वराचा आनंद भोगतो. तोच वक्ता ‘गुळव्याने जसे काहिलीवरून लक्ष काढू नये तसे साधकाने वचनावरून’ एवढे म्हणून थांबला असता तर चिपाडाचा प्रश्न उठलाच नसता.

एवढ्यावर हा प्रश्न गमतीचा राहतो. त्याचे गांभीर्य पुढच्या उदाहरणांत आहे. समुद्र आणि लाट, सोने आणि दागिने, घट फुटल्यावर महाकाशात मिळालेले घटाकाश, दोरीवर भासलेला साप : हे दृष्टांत आपल्या भोवतालच्या कीर्तनांत व भजनांत रोज कानांवर पडतात. शके १२१२ मधील ज्ञानेश्वरीपासून मराठीत त्यांची संपन्न परंपरा आहे. तेथे एका सिद्धांतासाठी उपमांची माळच गुंफली जाते, आणि ती माळ गुंफण्यात मराठी भाषेचे सामर्थ्य प्रकट झाले आहे, हे मोकळ्या मनाने मान्य करावे. पण ते दृष्टांत त्या सिद्धांतासाठीच घडविलेले आहेत. लाट समुद्राचीच बनलेली असते, दागिना सोन्याचाच असतो. येथे विवक्षित अंशच अभेद हा आहे. आपल्या शास्त्राप्रमाणे जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादी, स्वतंत्र व परस्परभिन्न आहेत. जीव बद्धमुक्त, देवता नित्यबद्ध, परमेश्वर नित्यमुक्त. आपला उपदेशक भावनेच्या भरात ‘जशी लाट समुद्रात मिळते तसा जीव परमेश्वरी मिळतो’ असे बोलून जातो तेव्हा त्याने काही अलंकार वापरला एवढेच घडत नाही. चारांतील दोन पदार्थ त्याने एका वाक्यात एक करून टाकलेले असतात. तोंडाने सिद्धांत द्वैताचा आणि कानांत पडलेले चित्र अद्वैताचे. श्रोता सिद्धांत विसरतो, चित्र विसरत नाही.

कोणी विचारील की, विवक्षित अंश ‘आनंदात बुडणे’ एवढाच घेतला तर लाटेचा दृष्टांत का चालू नये? तर्काने चालेल. पण दृष्टांताला वापराचा इतिहास असतो. शेकडो वर्षे एका अर्थासाठी राबलेला दृष्टांत श्रोत्याच्या मनात तोच अर्थ घेऊन येतो, आणि आपण घातलेले कुंपण तो सहज ओलांडतो. परिसाचेही तसेच. परिसाच्या स्पर्शाने लोखंड पालटते, येथपर्यंत ठीक. परंतु लोखंड परीस होत नाही, हे दार्ष्टांतिकात उघड सांगितले नाही तर ऐकणारा जीवाला परमेश्वर करून घरी जातो. माझे मत असे की परीस सांभाळून वापरता येईल, लाट व दागिना आपल्या प्रवचनातून वर्ज्यच असावेत.

जाता जाता आणखी एका शब्दाविषयी. गडहिंग्लज हे कर्नाटकाच्या वेशीवरचे गाव. येथे कन्नड जाणणारी पुष्कळ माणसे आहेत आणि त्यांना ‘वचन’ म्हटले की बाराव्या शतकातील बसवेश्वर आदी शरणांची वचने आठवतात. तेथे वचन हा एक वाङ्मयप्रकार आहे, गद्याच्या जवळचा व लयबद्ध. आपल्याकडे वचन हा प्रकार नव्हे, ते प्रमाण होय. लीळेत ते प्रसंगासह येते, सूत्रपाठात प्रसंगावाचून, दृष्टांतपाठात दृष्टांतासह. शब्द एक म्हणून अर्थ एक समजू नये. ‘लीळा’, ‘प्रकरण’, ‘सूत्र’ या शब्दांचेही असेच आहे, पण त्यांचा विचार स्वतंत्र पाठात करावा लागेल.

अभ्यासिकांनी एवढे करावे. दृष्टांतपाठातील कोणताही एक दृष्टांत घ्यावा. प्रथम फक्त सूत्र वाचून त्याचा अर्थ आपल्या शब्दांत लिहावा. मग दृष्टांत वाचून, दार्ष्टांतिक झाकून, विवक्षित अंश कोणता असावा ते स्वतः लिहावे, आणि कोणते अंश घ्यावयाचे नाहीत तेही लिहावे. नंतर केशिराजबासांचे दार्ष्टांतिक उघडून ताडून पाहावे. जेथे आपण त्यांच्यापेक्षा अधिक अंश जुळविलेले असतील तेथे खूण करून ठेवावी. गटाने अभ्यास करीत असल्यास वाचणारा एक व दार्ष्टांतिक सांगणारा दुसरा असावा, आणि ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा वृद्ध वासनिकांना मुद्दाम बसवून घ्यावे. चिपाडाचा प्रश्न त्यांच्याकडूनच येतो.

दंडवत प्रणाम.